सेहेचाळीस किलो वाळू

३ मार्च, सोमवार

तेवीस दिवस टाळलं. तेवीस! मामाने ही वही आठ फेब्रुवारीला हातात दिली आणि म्हणाला, "रोज लिही. काय मोजलंस, काय काढलंस, काय बिघडवलंस." पहिल्या पानावर आजवर फक्त एका मांजराचं चित्र आहे. तेही शेपटीपाशी सोडून दिलेलं. माझं सगळं असंच, शेपटीपाशी येऊन सुटतं.

बरं, मामा हे वाचणार नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढलेत असं तोच म्हणतो. म्हणजे वही माझीच. मोजमापं मागच्या पानांवर लिहीन. इथे फक्त मळमळ.

कारण मळमळच आहे. शी! या गॅरेजात कशालाही हात लावा, चिकट. कडी चिकट, रेडिओचं बटण चिकट. मामाच्या चहाच्या मगात आतून तपकिरी वर्तुळं झालीत, झाडाच्या खोडात असतात तशी. मोजून वय सांगता येईल. तो रॉकेलने हात धुतो, भुशाने पुसतो आणि त्याच हाताने पाव मोडून पुढे करतो— "खा गं भिंगरे."

भिंगरी म्हणजे मी. दोन वर्षांत पाच कामं सोडली म्हणून. छापखाना, रोपवाटिका, कुरिअर, बोटीवरची भांडी, आणि ते चष्म्याचं दुकान— जिथून जेवायच्या सुट्टीत बाहेर पडले ती परत गेलेच नाही. त्याआधी तंत्रनिकेतन दुसऱ्या वर्षात सोडलं, ते वेगळंच. आई म्हणाली, "आता शेवटचं माझ्या भावाकडे जा. तिथूनही पळालीस तर मुकाट्याने घरी ये आणि बाबांच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानात काउंटरला उभी राहा. जन्मभर."

जन्मभर! खोडरबराचा वास!

तर आज नवीन काम आलं. एक जुनी स्पोर्ट्‌स गाडी. दोन माणसांची, वरून उघडी, मामापेक्षा चारच वर्षांनी लहान. मालक दातांचा डॉक्टर. बोलताना तो समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, तोंडात बघतो. मी सगळा वेळ ओठ मिटून उभी. म्हणाला, "बाबांची गाडी. ते गेले, आता माझ्याकडे आली. पुढच्या स्प्रिंगा बदला मिस्त्री. अगदी लोणी झाल्यात. मला कडक पाहिजे, रेसला असते तशी. मी व्हिडिओ बघितलेत." एप्रिलच्या पहिल्या रविवारी जुन्या गाड्यांची फेरी आहे, डोंगरातल्या वळणांनी. शेजारी त्याची मुलगी बसणार. आठ वर्षांची.

तो गेल्यावर मामा म्हणाला, "स्प्रिंगा तू निवडायच्या."

"मी?"

"मग काय मांजर? बोल्ट काय, कोणीही काढतो आणि निघून जातो. स्प्रिंग निवडणारा माणूस गाडी रस्त्यावर नीट उभी राहीपर्यंत थांबतो. बघू तू थांबतेस का. या बरोबर आल्या तर माझ्याकडे राहायचं. नाहीतर पेन्सिली आहेतच."

बास. एवढंच पणाला.

४ मार्च, मंगळवार

डोकं दुखतंय. रॉकेल.

६ मार्च, गुरुवार

गाडी आतून साफ केली. ईऽऽ! चालकाच्या खुर्चीखाली उंदराचं घर— कागदाचा चोथा, दोरे, केस, आणि त्यात वाळून पापड झालेलं एक पिल्लू. मी किंचाळले. मामा हसला. मग त्यानेच ते नुसत्या बोटांनी उचललं. नुसत्या बोटांनी! त्या बोटांनी मोडलेला पाव मी आता खाणार नाही. (खाल्ला. भूक होती.)

खुर्ची पार पुढे सरकवलेली, रुळावर गंजून बसलेली. स्टिअरिंग जवळजवळ छातीला लागेल इतकी पुढे. मामाने हातोडीने ठोकून ठोकून मागे सारली. "कोणा येड्याने ठेवलीय अशी! दातवाल्याचं पोट मावायला हवं ना."

डिकीत एक पोतं. जाड कॅनव्हासचं, वर चामड्याची मूठ, आत वाळू. मांजरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर शेपटी वर केलेली. वास असा की डोळ्यांतून पाणी! "टाक बाजूला," मामा नाक दाबून म्हणाला. "जुने लोक ठेवतात डिकीत वाळू. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरू नयेत म्हणून."

बाजूला टाकता टाकता काट्यावर चढवलं. सेहेचाळीस किलो आणि वर चिमूटभर. मला हल्ली दिसेल ते काट्यावर ठेवायचा नाद लागलाय. मांजर सव्वातीन. मामाचा डबा दीड. मी स्वतः— जाऊ दे.

जुन्या स्प्रिंगा काढून प्रेसखाली दाबून बघितल्या. एक मिलिमीटर दाबायला तीन किलो. खरंच मऊ. मामा म्हणाला, "लोणी." आणि डाव्या-उजव्या स्प्रिंगेखालच्या लोखंडी चकत्याही सारख्या नाहीत. एकीखाली दोन, दुसरीखाली तीन. "अंदाजपंचे काम," मी म्हणाले. आमचं एकमत झालं की आधीचा मिस्त्री दारुडा होता.

७ मार्च, शुक्रवार

मामाची एक रीत आहे, ती लिहून ठेवते. तो रिकामी गाडी कधी मोजत नाही. चार चाकांखाली चार काटे— एका बंद पडलेल्या धान्याच्या गोदामातून आणलेले— आणि चालवणाऱ्याच्या खुर्चीत चालवणाऱ्याच्या वजनाएवढी वाळू. अगदी किलोला किलो. "गाडी एकटी कुठे जाते का? माणूस बसल्याशिवाय ती गाडीच नाही, कपाट आहे." इतर गॅरेजवाले त्याला हसतात. मलाही आधी हसू आलं होतं.

तर दातवाल्याला वजनाला बोलावलं. बूट घालूनच चढला. नव्वद दाखवतोय म्हणाला— काटा पंच्याण्णव दाखवत होता! "बाबाही असेच होते, भरदार," म्हणाला आणि पोटावरून हात फिरवला. मग मला म्हणाला, "मुली, तुझी खालची दाढ वर आलीय." मी तोंड उघडलं कधी, तेच कळेना.

मामाच्या वाळूच्या पिशव्या उंदरांनी कुरतडलेल्या. भरून भरून साठ किलो झाले. पस्तीस कमी. आता वाळू आणायला कोण जाणार? बाहेर ऊन. म्हणून ते घाणेरडं पोतं फोडलं. त्याचे टाके फार बारीक होते, दुहेरी दोऱ्याचे, कोणीतरी चष्मा लावून सावकाश घातलेले. ब्लेडने एका ओढीत गेले. एक क्षण कसंतरीच झालं. मग वास आला आणि तेही गेलं.

पस्तीस किलो दातवाल्यात घातली. उरलेली अकरा जमिनीवर तेल सांडलं होतं त्यावर पसरली. पोतं कचऱ्यात.

१० मार्च, सोमवार

आज निवडल्या!

आधी समजलेलं लिहिते, नाहीतर उद्या विसरेन. स्प्रिंग चाकावर बसत नाही. एक आडवा दांडा असतो— एक टोक गाडीला बिजागरीसारखं, दुसऱ्या टोकाला चाक. स्प्रिंग मध्येच कुठेतरी. त्यामुळे चाक जितकं वर उचलतं त्यापेक्षा स्प्रिंग कमी दबते. म्हणून चाकापाशी जेवढा कडकपणा हवा, त्यापेक्षा स्प्रिंग पुष्कळ कडक घ्यावी लागते. आणि दांड्याचं ते प्रमाण दोनदा धरायचं— एकदा स्प्रिंग कमी दबते म्हणून, एकदा तिचा जोर टोकापर्यंत पोचता पोचता कमी होतो म्हणून. मामाने हे दार उघड-मीट करून दाखवलं. बिजागरीजवळ बोट लावून दार ढकल म्हणाला. ढकललं. कळलं! तंत्रनिकेतनात दोन वर्षं कोणी दार दाखवलं नाही, नुसती फळ्यावर अक्षरं.

चाकापाशी कडकपणा ठरवला मिलिमीटरला दीड किलो. दातवाल्याला याहून कडक हवंय, पण मामा म्हणतो, चाक रस्त्याला धरून राहायला हवं. फार कडक केलं की खड्ड्यावर चाक उडतं, आणि हवेतलं चाक वळत नाही. त्याच्या व्हिडिओत रस्ते काचेसारखे असतात.

मग दांडा मोजला. समोरच्या भिंतीवर पेंटर बुटांच्या दुकानाचा बूट रंगवत होता, दोन मजली. आणि लेस चुकवत होता! एकाच भोकातून दोनदा काढली. मी टेप धरून बराच वेळ तेच बघत बसले. हाक मारून सांगावं का? नाही सांगितलं. मग टेपचा हूक टायरच्या कडेला अडकवला आणि वाचलं. बिजागरीपासून स्प्रिंग एकवीस, चाक बेचाळीस. बरोब्बर अर्धं! इतके गोड आकडे की मी टाळीच वाजवली. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव. दीडला पावने भागलं की सहा.

स्प्रिंग सहाची.

मामाने मागच्या पानावरचा आकडा बघितला, भुवई वर केली. "दोनदा मोजलंस?"

"हो."

एकदाच मोजलं होतं.

११ मार्च, मंगळवार

जेवताना मामाचा फोन वाजला. दातवाल्याची आई. गाडी कशी आहे विचारत होती. मामा तोंडात घास धरूनच— "हो बाई... मजेत आहे... काय? वाळू? हो हो, आहे की, जागेवर आहे... नमस्कार." ठेवला.

"वाळू सांभाळून ठेवा म्हणते," तो म्हणाला. आम्ही दोघांनी जमिनीकडे बघितलं. तेल पिऊन काळा चिखल झालेला.

"म्हातारी माणसं," मामा म्हणाला. "वाळूत जीव अडकतो एकेकाचा."

हसलो. माझ्या डाळीत भुसा पडलेला होता, तो काढत बसले.

१५ मार्च, शनिवार

स्प्रिंगवाल्याकडे गेले. एका बोळाच्या टोकाला त्याची भट्टी, आत जाताना भुवया करपतात. तो तार तापवून लोखंडी रुळावर अशी गुंडाळतो जशी आई लोकर गुंडाळते. कानाने ऐकू येत नाही, सगळं पाटीवर लिहून द्यावं लागतं. मी लिहिलं— सहा. त्याने खाली लिहिलं— ट्रक?

मी मान हलवली. नाही. हलकी गाडी. सहाच.

त्याने खांदे उडवले आणि जमिनीवर थुंकला. भट्टीसमोर ती थुंकी चर्रर्र करून उडाली. ओकारी आली. परत येताना मागच्या पानावरचा आकडा पुन्हा उघडून बघितला. सहाच होता. वही मिटली.

२० मार्च, गुरुवार

बसवल्या. गाडी दिमाखात उभी राहिली हे खरं. खुर्चीत पंच्याण्णव किलो वाळू, चारी काटे कसे शहाण्यासारखे. मामाने पाठीवर थाप मारली— पाठीवर आता काळा पंजा उमटलाय.

मग दातवाल्याला घेऊन फेरी. मी शेजारी. गल्लीच्या तोंडाशी पहिला खड्डा, माझे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्याला परत. तो खूश! "याला म्हणतात गाडी! रस्ता कळतोय बघ!" दातांचा डॉक्टर, आणि दात वाजले की आनंद. धंदा वाढेल म्हणून असेल.

डेअरीमागच्या वळणावर रस्ता उखडलाय. तिथे पुढचं चाक उडालं. म्हणजे खरंच उडालं— स्टिअरिंग क्षणभर कशालाच जोडलेलं नाही असं झालं, आणि आम्ही सरळ बाजूच्या पट्टीत. समोरून कोणी नव्हतं. तो हसला. मी नाही.

गॅरेजात मामा म्हणाला, "जरा कडकच झाल्यात गं."

"बसतील हळूहळू," मी म्हणाले. कुठल्यातरी मिस्त्रीच्या तोंडून ऐकलेलं वाक्य. लोखंड काय भात आहे का, बसायला!

दातवाला गाडी घेऊन गेला.

२१ मार्च, शुक्रवार

बूट रंगवून झाला. लेस तशीच चुकलेली. आता दोन मजली चूक रोज समोर.

२४ मार्च, सोमवार



दुपारी एका टॅक्सीचा दांडा मोजत होते. टेपचा हूक नेहमीसारखा टायरच्या कडेला अडकवला. पलीकडून मामा ओरडला, "तिथवर काय मोजतेस गं गाढवे! बॉल जॉइंटपर्यंत मोज! दांडा तिथे संपतो. टायरची जाडी कशाला धरतेस?"

मी "हो" म्हणाले.

मागची पानं उघडली. त्या गाडीचा बॉल जॉइंट मी दांडा रंगवताना मोजला होता, बिजागरीपासून पस्तीस. आणि मी धरले बेचाळीस. सात सेंटीमीटर! नुसतं सात. पण प्रमाण दोनदा धरायचं असतं ना, मग चूकही दोनदा वाढते. स्प्रिंग चारच्या जरा वर हवी होती. मी बसवली सहाची. जवळजवळ दीडपट.

म्हणून स्प्रिंगवाल्याने ट्रक विचारलं होतं. त्या बहिऱ्याला ऐकू आलं, मला नाही.

रविवारी सहा तारखेला डोंगराची वळणं. शेजारी आठ वर्षांची मुलगी.

मामाला सांगितलं नाही. जेवले. शी. जेवले!

२५ मार्च, मंगळवार

आजही नाही सांगितलं. दिवसभरात दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा चहा हवा का विचारलं. माझीच मला किळस येते. उंदराचं पिल्लू परवडलं.

२६ मार्च, बुधवार

सांगितलं.

मामा जॅकवरच्या गाडीखाली झोपला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते, त्यामुळे सोपं गेलं. पायांना सांगितलं. ओरडेल वाटलं होतं, ओरडला असता तर बरं झालं असतं. बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "एकदाच मोजलं होतंस."

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा दोनदा म्हणालीस."

"हो."

"चुकलीस ते चालेल. मीही चुकलोय, जिथे तिथे. पण ते दोनदा—" फोन माझ्यापुढे सरकवला. "लाव. तूच बोल."

दातवाला म्हणाला, "छे छे! मला तर मस्त वाटतेय. आत्ता कुठे गाडी गाडीसारखी झाली. फेरीनंतर बघू."

"अहो पण वळणावर चाक उचलतंय. तुमची मुलगी बसणार आहे ना?"

"पट्टा लावेन की. मुली, धंद्यात एवढं घाबरून चालत नाही."

मग मामा स्वतः दवाखान्यात गेला. माझ्या आठवणीत पहिल्यांदा त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. पाऊण तास बाकावर बसवून ठेवलं, मग आत घेतलं आणि खुर्चीत आडवं करून तोंडच उघडायला लावलं! तोंडात आरसा असताना माणूस स्प्रिंगांबद्दल काय बोलणार? परत आला तो हातात फुकटचा ब्रश घेऊन. "हिरड्या सुजल्यात म्हणाला." ब्रश बाकावर फेकला. "गाडी देत नाही म्हणाला. म्हातारी दारात बसली होती, तिच्यासमोर मला मिस्त्रीबुवा, काळजी फार करता, असं म्हणाला. तिला सगळं सांगावं लागलं मग. ऐकून घेतलं तिने."

मला ओकारी यायची थांबली. त्या जागी नुसतं जड.

२९ मार्च, शनिवार

पिशवी भरली. सोमवारी दुपारची बस. आईला फोन केला. ती रागावेल वाटलं, तर म्हणाली, "पेन्सिली नवीन आल्यात." बस्स. याहून वाईट काही बोलता आलं नसतं.

मामा दारात उभा राहून पिशवीकडे बघत म्हणाला, "जायचं तर जा. पण त्या गाडीला खरंच काय हवं ते काढून, लिहून, मग जा. तो गाडी आणो न आणो. अर्धवट ठेवून जायचं नाही, निदान या दारातून."

म्हणून बसले. आणि कुठून सुरू करायचं म्हणून त्या जुन्या, लोण्याच्या स्प्रिंगा घेतल्या. चकत्या मोजल्या— एकीखाली दोन, दुसरीखाली तीन. गाडीची चारी चाकांची वजनं मागच्या पानावर होतीच, त्यांतून खुर्चीतली वाळू वजा केली. मनात म्हटलं, उलटं करून बघू. या स्प्रिंगा आणि याच चकत्या घेऊन गाडी सरळ उभी राहायला खुर्चीत किती वजन लागेल?

पंच्याण्णवला गाडी एका अंगाला झुकते. सत्तरला झुकते. साठला थोडी. मी कागदावर कमी कमी करत गेले. सेहेचाळीसला सरळ. अगदी सरळ! दोनदा मोजलं. या वेळी खरंच दोनदा. मग तिसऱ्यांदा.

आणि मऊपणाही चुकीचा नव्हता. तेवढ्या वजनाला, उखडलेल्या रस्त्याला, चाक जमिनीला धरून ठेवायला— तीन. जसं मला जमायला हवं होतं तसंच, फक्त कोणीतरी वीस-तीस वर्षांपूर्वी करून ठेवलेलं.

सेहेचाळीस.

मी उठून कचऱ्याच्या पिंपाकडे गेले. कचरागाडी तीनदा येऊन गेली होती. पोतं गेलेलं. पण आठवतंय— ते खाली रुंद होतं, वर निमुळतं, पाठीला सपाट. डिकीसाठी कोण असं शिवतं? ते खुर्चीत बसवायला शिवलेलं होतं. ते पोतं नव्हतं, ते माणूस होतं! आमच्यासारखाच कोणी मिस्त्री, आमच्यासारखीच रीत. फक्त त्याने पोतं नीट शिवलं, म्हणजे पुढच्याला कळावं. आणि पुढचे कोण? आम्ही! जगात त्या पोत्याचा अर्थ ओळखतील असे दोघंच, आणि दोघांनी ते फोडून तेलावर पसरलं.

मामाला सांगितलं. तो खाली बसला. त्या काळ्या चिखलाच्या डागाकडे बघत राहिला.

"मग कोण होतं ते?" मी विचारलं. "बाबा तर भरदार होते म्हणतो."

"ड्रायव्हर ठेवला असेल त्यांनी," मामा म्हणाला. "कोणी बारकुडा, बुटका. म्हणून तर खुर्ची पुढे."

असेल. दुसरं कोण असणार?

३१ मार्च, सोमवार

घाईत लिहितेय, उभ्यानेच. पिशवी पायाशी. बस सुटायला चाळीस मिनिटं.

गाडी आली! आवाज ओळखला. दातवाला भांडायला आला असणार म्हणून मी कपाळाला आठ्या घालून बाहेर गेले. चालकाच्या खुर्चीत तो नाहीच. खुर्ची पार पुढे ओढलेली. पाठीशी उशी. दातवाल्याची आई! एकटी. पंचाहत्तरीची तरी असेल, चिमणीएवढी. आमच्या अवघड दारातून एका झटक्यात वळवून आत आणली, अंगाखाली जन्मभराची गाडी असावी तशी.

ड्रायव्हर ठेवला असेल! मीसुद्धा हेच मानलं. मी! रोज गाडीखाली झोपणारी मुलगी!

इंजिन बंद केलं. किल्ली पदराला बांधली. म्हणाली, "नात बसणार आहे हिच्यात, आणि डेअरीपाशी चाक उडतं. कोणी निवडल्या या?"

मी हात वर केला. तिने मला खालून वर बघितलं. दात नाही, हात बघितले. मग पायाशी पिशवी आहे तीही बघितली.

"बरं," ती म्हणाली आणि आपण होऊन काट्याकडे निघाली. मामा मला हाका मारतोय, आकडा वाचायला ये म्हणून. जाते.

जाता जाता तिने विचारलंय. मामा छताकडे बघतोय—

"आणि माझी वाळू कुठे आहे?"